ग्रीक सॅलडमधले चीज काढले, त्या जागी काय घातले?

आनंदनगरमधल्या माझ्या दवाखान्यात हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. विचारणारे बहुधा पस्तीस ते पंचावन्न वयातले असतात. कोलेस्टेरॉलचा किंवा साखरेचा रिपोर्ट नुकताच हातात पडलेला असतो आणि घरच्या कुणीतरी मोबाइलवर एखादा व्हिडिओ दाखवलेला असतो. "डॉक्टर, रात्रीचे जेवण बंद केले आहे. फक्त ग्रीक सॅलड खातो. तेसुद्धा प्लांट बेस्ड, चीज न घालता. बरोबर आहे ना?"

मी उलट विचारतो, चीज काढलेत, ठीक आहे. पण त्या जागी घातले काय? बहुतेकांचे उत्तर "काही नाही" असे असते. काही जण सांगतात, "काकडी वाढवली."

या उत्तराबद्दलच आज लिहायचे आहे. दूध, अंडी, मांस न वापरता सॅलड करण्याला माझा विरोध नाही. उलट, ते नीट केले तर आपल्या भागातल्या मधुमेही, रक्तदाबाच्या आणि वजन वाढलेल्या रुग्णांसाठी ते फार चांगले जेवण आहे. पण चीज काढून उरलेल्या काकडी-टोमॅटोला जेवण म्हणणे मला मान्य नाही. (जाता जाता एक गंमत. 'प्लांट बेस्ड'ला मराठीत काय म्हणायचे? 'वनस्पतीजन्य' म्हटले की माझ्या वयाच्या लोकांना डालड्याचा डबा आठवतो. म्हणून या लेखात इंग्रजी शब्दच ठेवतो.)

मूळ सॅलडमध्ये असते काय?

आपण ज्याला ग्रीक सॅलड म्हणतो, त्याचे ग्रीसमधले नाव 'होरिआटिकी', म्हणजे गावाकडचे, खेडवळ. टोमॅटो, काकडी, कांदा आणि ढोबळी मिरची यांचे मोठे तुकडे, थोडे ऑलिव्ह, वर फेटा चीजचा जाड तुकडा, वाळलेला ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल. हॉटेलात त्याखाली लेट्यूसची पाने अंथरतात, गावच्या सॅलडमध्ये ती नसतात. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. आपल्याप्रमाणेच ग्रीसमध्येही तो बाहेरून आला. तेव्हा हे सॅलड हजारो वर्षांचे वगैरे काही नाही.

या वाडग्यातला पोषणाचा जड भाग म्हणजे फेटा. मेंढीच्या दुधापासून, किंवा त्यात जास्तीत जास्त ३० टक्के शेळीचे दूध मिसळून, ते मिठाच्या पाण्यात मुरवतात. १०० ग्रॅम फेटामध्ये साधारण १४ ग्रॅम प्रथिने, ५०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि बी-१२ जीवनसत्त्व असते. त्याबरोबर १४-१५ ग्रॅम संपृक्त चरबी आणि सुमारे अडीच ग्रॅम मिठाइतके सोडियमही येते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसभराची मिठाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत ठेवली आहे. म्हणजे १०० ग्रॅम फेटातच निम्मा कोटा संपला.

म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाने फेटा काढला तर फायदा होतोच. नुकसान हे की प्रथिने, कॅल्शियम आणि बी-१२ हे तिन्ही एकदम ताटातून उठून जातात. उरते ते पाणी, तंतू, थोडी जीवनसत्त्वे आणि तेल. दोन तासांनी भूक लागते, मग फरसाणाचा डबा उघडला जातो. "सॅलड खाऊनही वजन उतरत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत हा डबा मला बऱ्याचदा सापडतो.

ग्रीक लोक स्वतः चीज सोडतात तेव्हा

प्लांट बेस्ड ग्रीक सॅलड हा इन्स्टाग्रामचा शोध आहे असे समजू नका. ग्रीसमधल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवास कडक असतात. सगळे उपवास पाळणाऱ्या माणसाचे वर्षातले १८० हून अधिक दिवस उपवासाचे होतात. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध, लोणी, चीज सगळे वर्ज्य. काही दिवस तर तेलसुद्धा. (कालवे, माकूळ यांसारखे जलचर मात्र चालतात.) मग फेटा नसताना वाडग्यात काय येते? कडधान्ये. मसूर, छोले, पांढरे वाल आणि चवळी.

होय, आपली चवळीच. उकडलेली चवळी, बारीक चिरलेला कांदा, भरपूर पार्सली, लिंबू आणि ऑलिव्ह तेल, एवढेच घालून केलेले सॅलड ग्रीसमध्ये घरोघरी होते. चवळी मूळची आफ्रिकेतली. तिथून ती भूमध्य समुद्राच्या काठी गेली आणि आपल्याकडेही आली.

त्यांचा आणि आपला उपवास शेजारी ठेवून पाहा. त्यांच्या उपवासाला मसूर आणि चवळी, आपल्या उपवासाला साबुदाणा, बटाटा आणि तूप. श्रावणी सोमवारच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मधुमेही रुग्णांच्या साखरेचे आकडे का चढलेले असतात, याचे उत्तर त्यात आहे. श्रद्धेबद्दल मी बोलत नाही, ताटाबद्दल बोलतो आहे.

म्हणून माझे मत असे : फेटाची नक्कल करण्यामागे लागू नका. ग्रीक आजी उपवासाला करते तेच करा, चीज काढून कडधान्य घाला. एक वाटी, म्हणजे साधारण १५० ग्रॅम, उकडलेल्या चवळीत सुमारे १२ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे ५० ग्रॅमच्या फेटाच्या तुकड्यापेक्षा जास्त, आणि मीठ तुम्ही घालाल तेवढेच. शिवाय फोलेट आणि तंतू; चीजमध्ये फोलेट थोडेच असते आणि तंतू नसतातच. पोळीच्या मानाने साखरही हळू चढते.

ताटाची डावी बाजू

इथे काही वाचक म्हणतील, डॉक्टर, यात नवीन काय? आपल्याकडे कोशिंबीर आहेच, खमंग काकडी आहे, चैत्रात कैरीची डाळ आहे. सगळे प्लांट बेस्डच.

अगदी खरे. खमंग काकडीत काकडी, दाण्याचे कूट, ओले खोबरे, लिंबू आणि फोडणी. दुधाचा थेंब नाही. कैरीच्या डाळीत तर भिजवलेली हरभऱ्याची डाळच मुख्य. पण "आपल्याकडे सगळे होतेच" हे वाक्य मला पूर्ण पटत नाही, कारण प्रश्न पदार्थाचा नाही, त्याच्या जागेचा आणि मापाचा आहे. मराठी ताटात कोशिंबीर वाढतात कुठे? डाव्या बाजूला, मीठ, लिंबू आणि चटणीच्या पंगतीत. किती? एक चमचा, फार तर दोन. मधे भात, पोळ्या. कैरीची डाळ वर्षातून एखादा महिना, तीही हळदीकुंकवाला बशीतून.

ग्रीसच्या गावातले सॅलड मोठ्या वाडग्यात येते आणि पाव त्याच्या सोबतीला असतो. आपल्याकडे पोळी-भाताच्या सोबतीला कोशिंबीर असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढाच्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि ८५ ग्रॅम कडधान्ये-डाळी धरल्या आहेत (मांसाहारी माणसाला त्या ८५ ग्रॅममध्ये अंडी-मासेही चालतात). डावीकडच्या दोन चमच्यांनी ४०० ग्रॅम कधी व्हायचे?

तेव्हा नवीन पाककृती शिकण्यापेक्षा एवढेच करा : आठवड्यातून चार दिवस एका जेवणात कोशिंबीर मधे आणा. वाटी नाही, वाडगा. त्यात कडधान्य हवेच. पोळी एक किंवा दोन, बाजूला. उल्हासनगरला सिंधी शेजारी असतील तर त्यांच्या घरची साई भाजी आठवा. पालक, आंबट चुका, हरभऱ्याची डाळ आणि दोन-तीन भाज्या एकत्र शिजवून ती मुख्य पदार्थ म्हणून खातात. पानात डाळ आणि भाजी मध्यभागी ठेवायची कल्पना इतकी जवळ, स्टेशनपलीकडे आहे.

एका माणसाच्या वाडग्यासाठी मी रुग्णांना साधारण असे सांगतो. एक काकडी, एक मोठा टोमॅटो, अर्धा कांदा, अर्धी ढोबळी मिरची, सगळे जाड चिरून. त्यात पाऊण ते एक वाटी उकडलेली चवळी किंवा छोले. मूठभर कोथिंबीर. ओरेगॅनोची पाकिटे आणू नका. कुंडीतल्या पानओव्याची दोन-तीन पाने बारीक चिरून घाला, वास बराचसा तोच येतो. अर्धे लिंबू, एक चमचा भाजलेल्या तिळाचे कूट, दहा-पंधरा भाजलेले शेंगदाणे, एक ते दोन छोटे चमचे कच्चे तेल. ऑलिव्हऐवजी आवळ्याचे तुकडे मला आवडतात, आणि त्यात क जीवनसत्त्वही चांगले. बाटलीतले ऑलिव्ह वापरणार असाल तर धुऊन घ्या, ते खाऱ्या पाण्यातले असतात. मीठ अगदी शेवटी, खायच्या वेळी; आधी घातले तर काकडीला पाणी सुटते आणि मग चव लागेना म्हणून पुन्हा मीठ पडते.

एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्यांची वेगळी अडचण आहे. सकाळी सहाला भरलेला डबा दुपारी एकला उघडायचा, तोही पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांनी डब्यात फक्त उकडलेली, लिंबू-कोथिंबीर लावलेली चवळी न्यावी, काकडी आणि टोमॅटो अख्खे न्यावेत, कापायचे ते तिथे. उन्हाळ्यात ओले खोबरे घालू नका. डबा उघडल्यावर आंबूस वास आला तर "वाया कशाला" म्हणून खाऊ नका.

व्हीगन चीज आणि सोया पनीर

दुकानात मिळणाऱ्या व्हीगन चीजच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. बऱ्याच पाकिटांवर पहिले दोन-तीन घटक पाणी, खोबरेल तेल आणि स्टार्च असे असतात. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के संपृक्त चरबी. प्रथिने जवळपास शून्य. म्हणजे फेटातले जे चांगले ते गेले आणि जे कमी करायचे होते ते राहिले. वर मीठही आहेच. कोलेस्टेरॉल कमी करायला निघालेल्या माणसाने यासाठी पैसे का मोजावेत, मला कळत नाही.

सोया पनीर, म्हणजे टोफू, मात्र चालेल. १०० ग्रॅममध्ये साधारण १० ग्रॅम प्रथिने, ब्रँडनुसार कमी-जास्त. दाबून पाणी काढा, चौकोनी तुकडे करा, लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि पानओवा लावून तासभर फ्रीजमध्ये ठेवा. फेटाच्या जवळ जाणारी आंबट-खारट चव येते. पाकिटावर कॅल्शियम सल्फेट लिहिलेले असेल तर ते घ्या, कॅल्शियमची थोडी भर पडते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सोया बंद करण्याची गरज नाही, पण गोळी नेहमीप्रमाणे सकाळी उपाशीपोटी घ्या आणि सोया काही तासांनी, दुपारी किंवा रात्री खा.

प्रथिनांवर मी इतका जोर का देतो? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छोटे टिपण २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले होते, दोघांच्या फोटोसह. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर आपण बारीक दिसतो, आत स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. अशा शरीराच्या माणसाने रात्रीच्या जेवणातून प्रथिने काढून काकडीवर राहिले तर वजन उतरतेही, पण उतरते त्यात स्नायूही असतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. वरच्या वाडग्यातून १५ ग्रॅमच्या आसपास मिळतात, टोफू घातला तर २० च्या वर.

चवळीत जे नाही ते : बी-१२

आता सर्वांत महत्त्वाचे. कडधान्याने प्रथिनांची जागा भरली, तिळाने कॅल्शियमची थोडी भरली. बी-१२ ची जागा कुठलीही भाजी, डाळ किंवा बी भरत नाही. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. मोड आलेल्या धान्यातून, आंबवलेल्या इडलीतून, स्पिरुलिनाच्या गोळ्यांतून मिळते असे मेसेज फिरतात. त्यावर भरवसा ठेवू नका. स्पिरुलिनात दिसायला बी-१२ सारखा पदार्थ असतो, पण आपल्या शरीराला तो उपयोगी पडत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिकांच्याच गटाने ४४१ निरोगी, मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रामीण, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे तिन्ही गट त्यात होते. त्यांच्यापैकी ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी निघाले. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. आणि हे काही व्हीगन लोक नव्हते, चहा-दूध-दही असलेल्या आपल्यासारख्याच घरांतले. जिथे दूध घेऊनही ही स्थिती, तिथे दूध-दहीही सोडले तर काय होईल?

लगेच काही होत नाही, आणि तीच अडचण आहे. यकृतात बी-१२ चा साठा असतो, तो पुरेसा असेल तर दोन-तीन वर्षेसुद्धा पुरतो. त्यामुळे सुरुवातीचे सहा महिने माणूस खूश असतो. वजन उतरते, पोट हलके वाटते. मग हळूहळू पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, अंधारात चालताना तोल जातो, जिभेची आग होते, विसराळूपणा वाढतो. मधुमेही माणूस ठरवून टाकतो की शुगरमुळे होत असेल. त्यात मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेतली की बी-१२ चे शोषण कमी होते, आणि पित्तासाठी रोज सकाळी घेतली जाणारी पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोलसारखी गोळीही त्यात भर घालते. मधुमेह, मेटफॉर्मिन, पित्ताची गोळी आणि दूध सोडलेले, असे चारही एकत्र असलेले रुग्ण मला दिसतात. त्यांच्या पायाच्या बधिरपणाला साखर किती जबाबदार आणि बी-१२ किती, हे तपासल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही. साखरेमुळे झालेली नसांची इजा पूर्ण भरून येणे कठीण असते. बी-१२ मुळे झालेली वेळीच पकडली तर बरीच सुधारते, उशीर झाला तर नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. पालेभाज्या आणि कडधान्ये भरपूर खाणाऱ्यांना फोलेट चांगले मिळते. त्यामुळे बी-१२ कमी असूनही हिमोग्लोबिन ठीक राहू शकते. "माझे एचबी तेरा आहे, मला कसली कमतरता?" असे म्हणू नका, रक्त चांगले दिसत असताना नसा बिघडत असतात.

उपाय अवघड नाही आणि महागही नाही. दूध, दही, ताक, अंडी पूर्ण सोडायची असतील तर बी-१२ ची गोळी कायमची धरावी लागेल. हे तडजोडीचे क्षेत्र नाही. आधी एकदा रक्त तपासा, डोस तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मेडिकलमधून मुंग्यांसाठी म्हणून प्रीगाबालिन मिसळलेल्या कॅप्सूल आणून परस्पर सुरू करू नका. त्याने मुंग्या कमी वाटतात, पण गुंगी येते आणि मूळ कारण तपासायचे राहून जाते. गर्भवती आणि स्तनदा मातांनी तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय दूधदुभते सोडूच नये, कारण बाळाच्या मेंदूची आणि नसांची वाढ आईच्या बी-१२ वर अवलंबून असते.

तुम्ही दूध सोडलेले नाही, फक्त सॅलडमधले चीज काढले आहे, असे असेल तर घाबरू नका. बाजूला वाटीभर दही किंवा ताक घ्या.

तेलाची बाटली

"मग ऑलिव्ह तेल?" हा पुढचा प्रश्न असतोच. भूमध्य आहाराचा मोठा प्रयोग स्पेनमध्ये झाला, सुमारे ७,४०० लोकांवर. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लोकांची गटवारी करण्याच्या पद्धतीत दोष आढळल्यामुळे मूळ लेख मागे घेऊन २०१८ मध्ये सुधारून पुन्हा छापला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला : ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा यांसह भूमध्य आहार घेणाऱ्यांत हार्ट ॲटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे मिळून सुमारे ३० टक्के कमी. ३० टक्के म्हणजे किती? १,००० माणसांमागे वर्षाला ११ ऐवजी ८ घटना. धोका जास्त असलेल्या माणसांसाठी हे चांगलेच आहे, पण तीस टक्के ऐकून जे चित्र डोळ्यांसमोर येते त्याहून लहान. शिवाय त्या आहारात मासे होते, तो व्हीगन नव्हता.

"इंडो-मेडिटेरेनियन आहाराने हार्ट ॲटॅक निम्मे होतात" असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका. त्या भारतीय अभ्यासाचा लेख 'लॅन्सेट'ने २००२ मध्ये छापला आणि २००५ मध्ये त्याच नियतकालिकाने त्यातल्या माहितीबद्दल जाहीर शंका व्यक्त केली.

माझे म्हणणे असे की ऑलिव्ह तेल परवडत असेल तर कच्चे, सॅलडवर घाला. त्यात वडे तळू नका. परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. प्रयोग ऑलिव्ह तेलावर झाला, शेंगदाणा तेलावर नाही, हे खरे. पण शेंगदाणा तेलातली जवळपास निम्मी चरबी ऑलिव्हमधल्याच जातीची असते, आणि वाडग्यातले चवळी, भाज्या, शेंगदाणे यांचे काम बाटलीवर अवलंबून नाही. कुठलेही तेल एका मोठ्या चमच्याला सुमारे १२० कॅलरी देते. भाजीला, आमटीला नेहमीइतके तेल घालून वर 'हेल्दी' म्हणून ऑलिव्हची धार सोडली तर वजन वाढणारच.

कच्चे खाताना

अंबरनाथ-बदलापूरच्या पावसाळ्यात टायफॉइड आणि कावीळ घेऊन येणारे रुग्ण दरवर्षी असतात, म्हणून हे लिहिणे भाग आहे. पावसाळ्यात कच्च्या पालेभाज्या सॅलडमध्ये नकोत. नाल्याकाठची, रुळांलगतची हिरवीगार भाजी कितीही स्वस्त मिळाली तरी कच्ची खाऊ नका. काकडी-टोमॅटो वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, काकडी सोला, कोथिंबीर निवडून तीन-चार पाण्यांतून काढा. बाहेर कापून ठेवलेले सॅलड टाळा. रानभाज्यांचे वाटे श्रावणात स्टेशनबाहेर दिसतात. त्या जरूर घ्या, पण शिजवूनच. शेवळे कच्चे खाल्ले तर घशाला अशी खाज सुटेल की माझ्याकडे यावे लागेल.

मोड आलेली कडधान्येही वाफवून घ्या. हे सांगितले की लोक नाराज होतात, "सगळे सत्त्व जाईल." जर्मनीत २०११ मध्ये मोड आलेल्या मेथीतून ई-कोलायची साथ पसरली, सुमारे ४,००० लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही आवडते. पाच-सात मिनिटे वाफवल्याने क जीवनसत्त्व थोडे कमी होते, ते लिंबू पिळून भरून निघते. लिंबाचा आणखी एक उपयोग म्हणजे चवळीतले लोह त्याने जास्त शोषले जाते. मात्र जेवणावर लगेच चहा घेतलात तर तो फायदा बराचसा जातो, तासभर थांबा.

कडधान्याने गॅस होतो ही तक्रार खरी आहे. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या, ताज्या पाण्यात मऊ शिजवा आणि पहिल्या आठवड्यात पाव वाटीपासून सुरू करा. दोन-तीन आठवड्यांत पोट बहुधा जुळवून घेते.

काही रुग्णांनी हा वाडगा सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर टोमॅटो आणि कडधान्यांतले पोटॅशियम किती चालेल हे ठरवून घ्यावे लागते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल ही गोळी चालू असेल, तर पालेभाज्या आणि कोथिंबीर बंद करायची नाही, पण रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे. एक दिवस जुडीभर आणि चार दिवस काहीच नाही, असे केले तर आयएनआर वरखाली होतो. आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेहींनी एका दिवसात तीन पोळ्यांवरून एका पोळीवर येऊ नये. जेवण बदलण्याआधी डोसबद्दल विचारा, नाहीतर पहाटे घाम फुटून शुगर खाली गेलेली सापडते.